कायोटी आणि उपद्रवी प्राण्यांसाठी रायफलचे काडतूस कसे निवडावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. टेक्सासमधल्या एडवर्ड्स पठारावर तुमची जमीन आहे, तिच्यावर शेळ्या आहेत आणि करडांच्या हंगामात कायोटींचा (कोल्ह्यासारख्या रानटी प्राण्यांचा) उपद्रव होतो. उन्हाळ्यात एकदोनदा पश्चिम कॅन्ससमधल्या मित्राच्या कुरणावर प्रेअरी डॉग (बिळांत राहणारे, खारीच्या कुळातले प्राणी) मारायला जाण्याचा बेत असतो, आणि पुढेमागे हरणाच्या शिकारीलाही तीच रायफल चालली तर बरे, असे तुम्हांला वाटते. .२०४ रुगर, .२२३ रेमिंग्टन, .२२-२५० रेमिंग्टन आणि .२४३ विंचेस्टर या चार काडतुसांवर तुमची यादी येऊन थांबली आहे (नावातला पहिला आकडा गोळीचा अंदाजे व्यास इंचांत सांगतो). माझे उत्तर .२२३ असे आहे. ते कोणत्या अटींवर खरे ठरते आणि कोणत्या परिस्थितीत बदलते, हे सांगणे अधिक उपयोगाचे असल्यामुळे बाकीचे सविस्तर लिहितो.

काडतुसांची तुलना करताना बहुतेक लोक कारखान्याच्या तक्त्यातला नळीच्या तोंडाशी असलेला वेग पाहतात आणि सर्वांत मोठ्या आकड्याकडे ओढले जातात. हा क्रम उलटा आहे. आधी प्राण्याचा आकार, मग तुमच्या जमिनीवर खरोखर मिळणारे अंतर, मग त्या अंतरावर हवी असलेली गोळी, आणि ती गोळी योग्य वेगाने फेकणारे काडतूस सर्वांत शेवटी, असा विचार करावा. कायोटी दाट केसांमुळे भरदार दिसतो, पण टेक्सासमधले प्रौढ जनावर साधारण पंचवीस ते चाळीस पौंडांचे असते आणि ईशान्येकडच्या राज्यांतली जनावरे त्याहून थोडी जड भरतात. त्याच्या छातीत हृदय आणि फुप्फुसे मिळून नेम धरण्याजोगा भाग जेमतेम चार ते पाच इंच व्यासाचा असतो. प्रेअरी डॉग तर दोन-तीन पौंडांचा, बिळाच्या तोंडाशी उभा राहिलेला, तीन-साडेतीन इंच रुंद प्राणी आहे. म्हणजे दोन्ही ठिकाणी खरी अडचण ताकदीची नसून अचूकतेची आहे. कायोटीला लागणारी ताकद या चारही काडतुसांत आहे आणि प्रेअरी डॉगसाठी ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे.

अंतराबद्दल स्वतःशी प्रामाणिक राहावे लागते. एडवर्ड्स पठारावर सीडर, ओक आणि मेस्कीटची झुडपे इतकी आहेत की सशाच्या किंकाळीचा आवाज काढून बोलावलेला कायोटी बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आतच दिसतो, आणि पुष्कळदा पन्नासच्याही आत येतो. मोकळ्या खोऱ्यापलीकडच्या चढावर अडीचशे यार्डांवर उभे असलेले जनावर तिथे क्वचित मिळते. नेब्रास्का, वायोमिंग किंवा पश्चिम कॅन्ससच्या गवताळ माळावर मात्र दोनशे ते तीनशे यार्ड ही रोजची गोष्ट असते, शिवाय वाराही सतत असतो. तुमचे मुख्य काम पठारावरचे आहे. वर्षातून दोन दिवसांच्या माळासाठी उरलेल्या वर्षभराची रायफल ठरवू नये.

आता गोळीकडे वळू, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. उपद्रवी प्राण्यांसाठी बनवलेल्या गोळीचे आवरण पातळ असते, टोकाला प्लॅस्टिकची टोपी असते आणि आत शिरताच ती फुटून तुकडे तुकडे व्हावी अशी तिची रचना असते. हॉर्नेडीची व्ही-मॅक्स, सिएराची ब्लिट्झकिंग, नॉस्लरची बॅलिस्टिक टिप व्हार्मिंट या त्या जातीच्या गोळ्या आहेत. त्यांचे दोन फायदे आहेत. प्राणी जागच्या जागी मरतो, आणि नेम चुकून गोळी कोरड्या, दगडाळ जमिनीवर आदळली तर ती सहसा उसळून पुढे न जाता तिथेच फुटते. संपूर्ण तांब्याने मढवलेली, लष्करी पद्धतीची गोळी स्वस्त मिळते म्हणून अनेक जण तीच वापरतात. ती मात्र आरपार निघून जाते, जखमी कायोटी पळून जातो आणि तासन्‌तास तडफडतो, आणि गोळी उसळून शेजाऱ्याच्या कुरणात जाण्याचा धोका राहतो. सरावासाठी ती ठीक आहे, जनावरावर वापरू नये.

पातळ आवरणाच्या गोळीचीही मर्यादा आहे. ती फार हलकी आणि फार वेगवान असेल, आणि कायोटी जवळ असून खांद्याच्या हाडावर लागली, तर ती आत पोहोचण्यापूर्वीच वरवर फुटते. तळहाताएवढी उथळ जखम होते आणि जनावर चालत निघून जाते. .२०४ रुगरची ३२ ग्रेनची (ग्रेन हे गोळीचे वजन मोजण्याचे लहान एकक) गोळी ४,२२५ फूट प्रति सेकंद वेगाने सुटते. प्रेअरी डॉगवर तिच्याइतकी मजेदार गोळी दुसरी नाही, पण तीस यार्डांवर समोर आलेल्या कायोटीच्या खांद्यावर मी ती वापरणार नाही. त्याच काडतुसातली ४० ग्रेनची गोळी ३,९०० फूट वेगाने जाते आणि कायोटीसाठी तीच घ्यावी. .२२३ मध्ये ५० ते ५५ ग्रेन, .२२-२५० मध्येही ५० ते ५५ ग्रेन आणि .२४३ मध्ये साधारण ५८ ते ८७ ग्रेन, या टप्प्यात कायोटीचे काम नीट होते.

.२२३ रेमिंग्टन १९६४ पासून नागरी बाजारात आहे आणि लष्कराच्या एम-१६ रायफलीच्या काडतुसाचे ते जुळे भावंड आहे. ५५ ग्रेनची गोळी चोवीस इंची नळीतून ३,२४० फूट वेगाने निघते, तेव्हा तिची ऊर्जा सुमारे १,२८० फूट-पौंड असते. तीनशे यार्डांवर वेग २,१७० च्या आसपास आणि ऊर्जा पावणेसहाशेच्या आसपास उरते. कायोटीला तेवढी पुरते, पण तिथे शिल्लक फारशी राहत नाही. दोनशे यार्डांवर रायफल जुळवली, म्हणजे तिथे गोळी बरोबर नेमावर लागेल अशी दुर्बीण लावली, तर शंभरावर गोळी सुमारे दीड इंच वर, अडीचशेवर सुमारे तीन इंच खाली आणि तीनशेवर सुमारे सात इंच खाली लागते. म्हणजे अडीचशे यार्डांपर्यंत छातीच्या मध्यावर नेम धरून, किंवा फार तर थोडा वर धरून, घोडा ओढता येतो. मोजदाद करत बसावे लागत नाही. कायोटी आवाजाकडे येताना थांबतो तो दोन-तीन सेकंदच. त्या वेळात अंतर मोजून दुर्बिणीची चकती फिरवण्याइतकी उसंत मिळत नाही, म्हणून हा सरळपणा कामाचा ठरतो.

त्याहून मोठे कारण सरावाचे आहे. .२२३ चे काडतूस या यादीत सर्वांत स्वस्त आहे, गावातल्या शेतीमालाच्या दुकानातही मिळते, आणि ज्या काळात काडतुसांचा तुटवडा होतो त्या काळानंतर सर्वांत आधी तेच परत येते. .२०४ आणि .२२-२५० च्या एका काडतुसाच्या पैशात .२२३ ची साधी दोन काडतुसे सहज येतात. जो माणूस वर्षात हजार गोळ्या झाडतो तो दोनशे झाडणाऱ्यापेक्षा चांगला नेमबाज होतो. हा फरक कोणत्याही तक्त्यातल्या पाचशे फुटांच्या फरकापेक्षा मोठा असतो. शिवाय धक्का इतका हलका असतो की गोळी लागताना दुर्बिणीतून दिसते, म्हणजे चूक कुठे झाली ते कोणी सांगावे लागत नाही.

.२२-२५० ची कथा थोडी वेगळी आहे. .२५० सॅव्हेज या काडतुसाची मान आवळून, म्हणजे लहान गोळीसाठी अरुंद करून, हौशी लोकांनी ते घरोघरी बनवले आणि कित्येक दशके ते कारखान्याबाहेरच वाढले. १९६५ मध्ये रेमिंग्टनने त्याला अधिकृत रूप दिले. ५५ ग्रेनची गोळी ३,६८० फुटांनी सुटते आणि तीनशे यार्डांवर तिच्यात सुमारे ७७० फूट-पौंड उरतात. .२२३ ची गोळी दोनशे यार्डांवर जेवढ्या वेगाने पोहोचते, जवळपास तेवढ्याच वेगाने .२२-२५० ची तीनशेवर पोहोचते. थोडक्यात, .२२-२५० तुम्हांला शंभर यार्ड जास्तीचे देते. ज्याच्या माळावर हे शंभर यार्ड रोज लागतात त्याने दुसरे काही पाहूच नये, आणि वायोमिंगच्या मेंढपाळाने हाच प्रश्न विचारला असता तर माझे उत्तर .२२-२५० हेच असते. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. दारू जास्त जळते, नळीचा घसा, म्हणजे काडतुसाच्या लगेच पुढचा भाग, लवकर झिजतो, आवाज मोठा असतो आणि धक्क्यामुळे गोळी लागतानाचे दृश्य बऱ्याचदा निसटते. १९३५ चे .२२० स्विफ्ट याहूनही वेगवान आहे. ४८ ग्रेनची गोळी ४,११० फुटांनी फेकून चार हजारांचा टप्पा ओलांडणारे ते पहिले कारखानी काडतूस होते, पण आज त्याची काडतुसे शोधत हिंडावे लागते आणि नव्या रायफलीही फारशा बनत नाहीत. हौस असेल तरच त्याच्या वाटेला जावे.

वाऱ्याचा हिशेब इथेच मांडतो, कारण माळावर चूक होते ती उंचीत कमी आणि वाऱ्यात जास्त. ताशी दहा मैलांचा वारा अगदी आडवा असेल तर तीनशे यार्डांवर .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी सुमारे अकरा इंच सरकते. .२२-२५० ची तीच गोळी सुमारे नऊ इंच सरकते, .२४३ ची ५८ ग्रेनची साडेआठ-नऊ इंच आणि .२०४ ची ४० ग्रेनची पावणेआठ इंचांच्या आसपास. हे आकडे कारखान्यांनी दिलेल्या वेगावरून काढलेले आहेत, त्यामुळे तुमच्या नळीतून थोडे वेगळे येतील, पण त्यांचा क्रम बदलणार नाही. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की अकरा आणि आठ इंचांतला फरक कागदावर मोठा वाटतो, पण दोन्ही आकडे कायोटीच्या छातीपेक्षा मोठे आहेत. वारा ओळखता आला नाही तर दोन्ही काडतुसांनी नेम चुकेल, आणि ओळखता आला तर दोन्हींनी लागेल. .२०४ रुगर २००४ मध्ये रुगर आणि हॉर्नेडी यांनी मिळून आणले. माळावरच्या प्रेअरी डॉगसाठी, वाऱ्यातल्या या थोड्याशा फायद्यामुळे आणि जवळजवळ नसलेल्या धक्क्यामुळे, मला ते आजही फार आवडते. तुमच्या यादीतून ते गळते ते फक्त काडतुसांच्या उपलब्धतेमुळे आणि हरणासाठी ते योग्य नसल्यामुळे.

आता नळीच्या पिळाबद्दल. रायफलीची पेटी विकत घेताना बहुतेक जण ज्या ओळीकडे पाहत नाहीत ती हीच. नळीतले आटे किती इंचांत एक पूर्ण वळसा घेतात, यावर कोणत्या वजनाची गोळी स्थिर राहील हे ठरते. जुन्या .२२३ रायफलींत बारा इंचांत एक वळसा असे आणि जुन्या .२२-२५० मध्ये चौदा इंचांत एक. अशा नळीत ५५ ग्रेनपर्यंतच्या गोळ्या उत्तम चालतात, पण ७० ग्रेनच्या पुढची लांब गोळी डगमगत आडवी होऊन लक्ष्यावर लागते. हल्लीच्या .२२३ मध्ये नऊ, आठ किंवा सात इंचांचा पीळ मिळतो. तुम्ही आठ किंवा नऊचा घ्यावा. चाळीस ग्रेनपासून सत्तरच्या पुढेपर्यंत तो बहुतेक सर्व गोळ्या सांभाळतो. सात इंचांचा पीळ जड गोळ्यांसाठी चांगला असला तरी अतिशय पातळ आवरणाच्या हलक्या गोळ्यांना तो कधी कधी मानवत नाही. ३,२४० फूट वेगाला बारा इंची पिळात गोळी मिनिटाला सुमारे १,९४,००० फेरे घेते, तर सात इंची पिळात सुमारे ३,३३,०००. कमी वेगाच्या काडतुसांसाठी बनवलेली नाजूक गोळी या फिरकीने हवेतच फुटते आणि लक्ष्याच्या कागदावर भोकच सापडत नाही. नवा नेमबाज अशा वेळी दुर्बिणीला दोष देत बसतो.

कॅन्ससच्या कुरणावरचा दिवस कायोटीच्या शिकारीपेक्षा पूर्णपणे वेगळा असतो. कायोटीसाठी सकाळभरात दोन गोळ्या झाडल्या तरी पुष्कळ झाल्या, तर प्रेअरी डॉगच्या वसाहतीसमोर टेबल लावून बसल्यावर दिवसाला दोन-तीनशे गोळ्या सहज जातात. तिथे पातळ नळी तापते, नेम सरकू लागतो, दुर्बिणीसमोर उष्ण हवेच्या लाटा दिसू लागतात आणि घसा झपाट्याने झिजतो. .२२-२५० ची नळी अशा वापरात दोन-तीन हजार गोळ्यांत म्हातारी होऊ शकते. .२२३ ची नळी त्याच्या दुप्पट तरी टिकते. नळी हाताला सोसवेनाशी झाली की रायफल बाजूला ठेवावी, झडप उघडी ठेवून ती सावलीत निवू द्यावी आणि तेवढा वेळ दुसरी चालवावी. ही दुसरी रायफल .१७ एचएमआरची असली तर फार सोयीचे होते. २००२ मध्ये हॉर्नेडीने आणलेल्या या छोट्या रिमफायर (बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणाऱ्या) काडतुसात १७ ग्रेनची गोळी २,५५० फुटांनी जाते. शंभर-सव्वाशे यार्डांपर्यंत ती सुईसारखी अचूक असते. मात्र ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात शंभर यार्डांवर तीन इंच सरकणारी हीच गोळी दोनशेवर चौदा इंचांच्या पुढे सरकते, हे विसरू नये.

त्याच .१७ एचएमआरने कायोटी मारता येतो का, असे पुढेमागे कोणीतरी तुम्हांला सुचवेल. पन्नास यार्डांवर, स्थिर उभ्या जनावराच्या डोक्यात किंवा छातीत बरोबर मध्यावर, मारता येतो. पण नळीच्या तोंडाशी जेमतेम अडीचशे आणि शंभर यार्डांवर एकशे छत्तीसच्या आसपास फूट-पौंड उरणाऱ्या गोळीवर हे काम सोपवणे म्हणजे जनावराला विनाकारण यातना देण्याची तयारी ठेवणे होय. .२२ लाँग रायफल तर घुशी, खारी आणि डब्यांवरच्या सरावापुरतीच ठेवावी. तिची साधी शिशाची गोळी हळू असल्यामुळे सुरक्षित वाटते, पण ती न फुटता दगडावरून उसळते आणि दीड मैलापर्यंत जाऊ शकते.

हरणाच्या प्रश्नामुळे .२४३ विंचेस्टरचा विचार करावा लागतो. १९५५ मध्ये .३०८ या काडतुसाच्या पुंगळीची, म्हणजे दारू भरलेल्या धातूच्या नळकांड्याची, मान आवळून ते बनवले गेले, आणि दोन कामांची एक रायफल हवी असणाऱ्यांसाठी त्याच्याइतके जुने व सिद्ध उत्तर दुसरे नाही. ५८ ग्रेनची गोळी ३,९२५ फुटांनी कायोटीसाठी आणि १०० ग्रेनची साधारण २,९६० फुटांनी हरणासाठी, अशी दोन रूपे त्याला आहेत. टेक्सासमध्ये .२२३ ने पांढऱ्या शेपटीचे हरीण मारणे कायदेशीर आहे, आणि योग्य बांधणीची, न फुटता पसरणारी ६० ग्रेनच्या पुढची गोळी शंभर यार्डांच्या आत छातीत बसली तर हरीण पडते. पण व्ही-मॅक्ससारखी उपद्रवी प्राण्यांची गोळी हरणावर कधीही वापरू नये. राज्य बदलले की नियमही बदलतात. कोलोरॅडोमध्ये मोठ्या शिकारीसाठी किमान .२४ इंच व्यासाची गोळी लागते आणि व्हर्जिनियात हरणासाठी किमान .२३, म्हणजे दोन्हीकडे .२२३ बाद होते. तुम्ही दरवर्षी कोलोरॅडोला जाण्याचे ठरवत असाल तर आजच .२४३ घ्या आणि वाढीव धक्का व खर्च सोसा. नाहीतर .२२३ घेऊन हरणाच्या वेळी वेगळी रायफल वापरणे मला जास्त शहाणपणाचे वाटते, कारण एकाच रायफलीत दोन जातींच्या गोळ्या वापरायच्या म्हणजे दर मोसमात दोनदा नेम नव्याने जुळवावा लागतो. .२४३ ने मारलेल्या कायोटीचे कातडेही बहुधा विकण्याजोगे उरत नाही. अर्थात कातड्याचा बाजार आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, आणि तुमचा उद्देश करडे वाचवण्याचा असल्याने हा मुद्दा गौण आहे.

.२२३ घेतल्यास सुरक्षिततेच्या दोन गोष्टी पाठ करून ठेवा. पहिली म्हणजे ५.५६ नाटो आणि .२२३ ही काडतुसे बाहेरून सारखीच दिसतात, पण ५.५६ साठीच्या कोठीत (नळीत काडतूस बसते त्या जागेत) गोळी आट्यांना भिडण्यापूर्वीची जागा थोडी लांब असते. .२२३ ची कोठी असलेल्या रायफलीत ५.५६ झाडले तर दाब मर्यादेपेक्षा वाढू शकतो, उलट ५.५६ च्या कोठीत .२२३ झाडणे सुरक्षित आहे. नळीवर काय कोरले आहे ते वाचून मगच काडतूस घ्यावे. .२२३ वाइल्ड या नावाची कोठी दोन्हींसाठी बनवलेली असते. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. .३०० ब्लॅकआउटचे काडतूस .२२३ च्याच पुंगळीपासून बनलेले असल्याने त्याच मॅगझिनमध्ये बसते आणि काही गोळ्यांसह .२२३ च्या कोठीतही शिरते. घोडा ओढला की .३० इंची गोळी .२२ इंची नळीत अडकते आणि रायफल फुटते. घरात दोन्ही काडतुसे असतील तर मॅगझिनचे रंग वेगळे ठेवा आणि ती एका पिशवीत कधीही एकत्र नेऊ नका.

टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर कायोटीची शिकार बऱ्याचदा रात्री, उष्णतेवर चालणाऱ्या दुर्बिणीने केली जाते. तिच्यातून कायोटी, शेजाऱ्याचा कुत्रा आणि तुमच्याच कळपाचा राखणदार कुत्रा हे तिन्ही पांढरे चौपाये ठिपके दिसतात, आणि ठिपक्याच्या मागे डबके, तारेचे कुंपण की पत्र्याची शेड आहे ते नीट कळत नाही. चाल ओळखल्याशिवाय आणि मागे मातीचा चढ आहे हे दिवसा पाहून ठेवल्याशिवाय बोट घोड्यावर नेऊ नये. .२२३ ची गोळी उंच कोनात सुटली तर दोन मैलांहून पुढे जाते. ओळखीचा प्रश्न दिवसाही असतो. अॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोत मेक्सिकन लांडगा आणि उत्तर कॅरोलिनाच्या पूर्व भागात लाल लांडगा संघराज्याच्या कायद्याने संरक्षित आहेत, आणि दुरून पाहिल्यास त्यांची पिल्ले कायोटीसारखीच दिसतात. युटामधला प्रेअरी डॉगही संरक्षित आहे. कॅन्ससमधल्या काळ्या शेपटीच्या प्रेअरी डॉगवरून सवय लागली म्हणून तिथे तसे वागता येणार नाही. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून कोणत्याही वन्यप्राण्याच्या शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. तिथे तांब्याच्या किंवा अन्य बिनशिशाच्या गोळ्या लागतात, आणि त्या त्याच वजनात लांब असल्याने पिळाचा मुद्दा पुन्हा पुढे येतो.

आपल्या लोकांपैकी पुष्कळ जण एच-१बी किंवा तशाच बिगर-स्थलांतरित व्हिसावर असतात, म्हणून एक गोष्ट इथे सांगणे भाग आहे. अशा व्हिसाधारकाला संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. राज्याने दिलेला शिकारीचा चालू परवाना हातात असणे हा त्याला असलेला एक प्रमुख अपवाद आहे. परवान्याची मुदत संपली की ती सवलतही संपते, आणि घरात रायफल ठेवलेली असणे हेसुद्धा बाळगणेच मानले जाते. तुमच्याकडे ग्रीन कार्ड असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही, पण सोबत येणाऱ्या मित्राच्या हाती रायफल देण्यापूर्वी त्याची स्थिती विचारून घ्या आणि शंका असेल तर वकिलाला विचारा. इथले काहीही भारतात लागू होत नाही, हेही वाचणाऱ्या नातेवाइकांसाठी स्पष्ट करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे शिकारीस बंदी आहे, कोल्हा संरक्षित आहे, आणि पिकांची नासधूस करणाऱ्या प्राण्यांबाबतची परवानगी वनखात्याकडूनच घ्यावी लागते.

खरेदीकडे येऊ. बोल्ट पद्धतीची (दर गोळीनंतर हाताने खिटी ओढावी लागणारी), मध्यम जाडीच्या बावीस ते चोवीस इंची नळीची, आठ किंवा नऊ इंची पिळाची .२२३ रायफल घ्यावी. एआर पद्धतीची (पुढचे काडतूस आपोआप भरणारी) घ्यायची असल्यास हरकत नाही. दोन-तीन कायोटी एकदम आले तर तिचा उपयोगच होतो, पण तिची नळी सहसा सोळा-अठरा इंची असल्याने वेग दीडदोनशे फुटांनी किंवा त्याहून थोडा अधिक कमी धरावा. तिची दुर्बीण नळीच्या अडीच इंचांहून अधिक वर बसते, त्यामुळे वीस-पंचवीस यार्डांवर गोळी दीडएक इंच खाली लागते हेही लक्षात ठेवावे. दुर्बिणीवर रायफलीइतकाच खर्च करा. तीन ते नऊ किंवा चार ते बारा पटींची पुरते, आणि झुडपांत कमीत कमी पटच जास्त कामाला येते.

रायफल आली की ५० ते ५५ ग्रेनच्या टप्प्यातल्या तीन-चार वेगवेगळ्या बनावटींची एकेक पेटी आणा आणि शंभर यार्डांवर प्रत्येकीचे पाच-पाच गोळ्यांचे दोन-तीन गट मारून पाहा. गटांमध्ये नळी पूर्ण निवू द्या. सारख्याच दिसणाऱ्या दोन रायफलींना वेगवेगळ्या गोळ्या आवडतात आणि ते झाडून पाहिल्याशिवाय कळत नाही. एक इंचाच्या आसपास रुंदीचा गट देणारी गोळी सापडली की त्याच लॉट क्रमांकाच्या जमतील तितक्या पेट्या एकदम घ्या, दोनशे यार्डांवर नेम जुळवा, आणि मग शंभर, अडीचशे व तीनशेवर ती गोळी प्रत्यक्षात कुठे लागते ते मोजून कुंद्यावर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवा. पेटीवर छापलेल्या आकड्यांपेक्षा तुमच्या नळीतून निघालेल्या आकड्यांवर विसंबावे. हे सगळे बाकावर बसून झाले की पुढचा सराव गुडघ्यावर आणि दोन काठ्यांच्या आधारावर करा, कारण कायोटी समोर येईल तेव्हा बाक नसेल.